के. आर. पुरमपलीकडचं देऊळ

सुभेदार म्हणून माझं शेवटचं पोस्टिंग बेंगळुरूला होतं. के. आर. पुरमच्या पलीकडे फौजेची झाडोऱ्यानं भरलेली जमीन होती. आत एक पुरातन देऊळ होतं. वडाच्या मुळांनी त्याच्या भिंती आवळून धरल्या होत्या. जमीन बळकावणाऱ्यांनी कुंपण तोडून प्लॉट पाडले होते. जुन्या नकाशात ते देऊळ आमच्या हद्दीची खूण होतं, म्हणून त्यांना ते नको होतं. आम्हाला ऑर्डर मिळाली, देवळाचे सगळीकडून फोटो घ्या. हत्यार नेऊ नका.

फोटो नायक परशराम काढायचा. खानापूरकडचा गडी, कन्नडही चोख. सोबत चार जवान.

टपरीवाल्यानं आम्हाला पाहून स्टोव्ह विझवला. दुसऱ्या दिवशी जिप्सीच्या चाकांची हवा सोडलेली. कुंपणापलीकडून आधी शिव्या आल्या, मग दगड. परशराम मुळांत घुसून फोटो घेत राहिला. एका मूर्तीपाशी थांबून म्हणाला, "साहेब, नाक तेवढं उघडं राहिलंय हिचं."

वस्तीतली लक्षम्मा रोज गाभाऱ्यात दिवा लावायला यायची. आम्हाला पाहून थुंकायची. काहीतरी पुटपुटली, तेव्हा मी परशरामला अर्थ विचारला.

"म्हणत्या, ते एक चोर, तुम्ही दुसरे."

तिसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. मागे मोठा जमाव, हातात सळया. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, जमाव आत घुसलाय. जेसीबी आहे. मदत पाठवा. ओव्हर."

"मदत निघते आहे. पार्टी मागे घ्या. ओव्हर."

मी सगळ्यांना कुंपणापर्यंत मागे घेतलं. जेसीबीनं वडाच्या मुळांत बकेट घातलं. भिंत हलली. तेवढ्यात गाभाऱ्यातून बाईची किंकाळी आली.

"साहेब, लक्षम्मा अक्का आत आहे!" परशराम ओरडला.

"थांब. आधी मशीन थांबवतो."

मी हात पसरून जेसीबीपुढे उभा राहिलो. एक दगड कपाळावर बसला, डोळ्यांत रक्त उतरलं. मशीन थांबलं, पण भिंत सुटत चालली होती. परशरामनं कॅमेरा शेजारच्या जवानाच्या हातात कोंबला आणि धावला.

"अक्का, होरगे बन्नी! होरगे!"

ती बाहेर येईना. दिव्यापाशी बसून राहिली होती. त्यानं तिला उचललं, दारापर्यंत आणलं आणि जोरात बाहेर ढकललं. ती मुळांवर पडली. त्याच क्षणी दारावरची शिळा खाली आली, मागोमाग भिंत.

जेसीबीवाला उडी टाकून पळाला. जमावातलं कोणी पुढं आलं नाही. दगड आम्हीच उपसले. लक्षम्माही उपसत होती, तिची नखं फुटली तरी थांबेना. परशराम हाताला लागला, तेव्हा श्वास नव्हता.

देवळाचा उरलेला भाग आज कुंपणाच्या आत आहे.

पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो. अंत्यविधी झाला. मी निघालो तेव्हा त्याची बायको दारापर्यंत आली.

"त्या दिवशीचा त्यांचा एखादा फोटो आहे का?"

"नाही ताई," मी म्हणालो. "फोटो परशरामच काढत होता."