चाईवरची लव

बायकोच्या डोक्याला चाई पडली तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मानेच्या वर, अंबाडा बसतो तिथं, रुपयाएवढा गोल. त्यात एकही केस नव्हता, कातडी तांब्याच्या बुडासारखी गुळगुळीत. तिला तो दिसायचा नाही. मला दिसायचा. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आईनं गुंज उगाळून लावायला सांगितली. कातडी लाल झाली, फोड आला, केस आले नाहीत. मग कोल्हापुरातल्या कातडीच्या डॉक्टरांनी एक मलम दिलं. जपून गोलातच लावायचं आणि अर्ध्या तासानं धुऊन टाकायचं. उशीचे अभ्रे डागाळले, माझं बोट जांभळट पडलं. "येतील," डॉक्टर म्हणाले, "पण कधी ते विचारू नका."

ती रोज संध्याकाळी माझ्याकडं पाठ करून पाटावर बसायची आणि विचारायची, "आलं का वो काय?"

दोन महिने मी "अजून न्हाय" म्हणत होतो. ते ऐकून तिचे खांदे पडायचे. मला ते बघवेना. कोडोलीला तिच्या भावाचं लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा मी म्हणालो, "आलेत की! काळी लव दिसतीया."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू?"

लग्नात ती डोक्यावर पदर न घेता, अंबाडा वर बांधून, गजरा माळून हिंडली. पंगतीत तिची आत्या मागून मोठ्यानं म्हणाली, "पोरी, चाई उघडी टाकून वर गजरा माळलाईस? सगळ्यांस्नी दावायला आलीयास व्हय?" बायका हसल्या. तिचा हात मानेमागं गेला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी समोरच्याच पंगतीत होतो. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

एसटीनं परत येताना मला वाटलं, आता मलम बंद. पण दुसऱ्या संध्याकाळी ती पाट घेऊन आली आणि पाठ करून बसली. विचारलं मात्र काही नाही. खोटं बोलणाऱ्याच्या हातात तिनं डोकं परत दिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणीला होतो. ओतलेल्या लोखंडाला बारीक चीर गेली आहे का, ते भिंगातून बघायचं माझं काम. ते भिंग मी घरी आणू लागलो. महिनाभर तिच्या कातडीची नुसती छिद्रं दिसली.

आणि एके दिवशी, मलम लावण्याआधी, खिडकीतलं तिरपं ऊन तिच्या मानेवर पडलं असताना, गोलाच्या मधोमध लव उभी दिसली. पांढरी, वासराच्या कानात असते तशी मऊ. उन्हात एकेक केस आतून उजळल्यासारखा. मी श्वास धरला, फुंकरीनं मोडेल म्हणून. मलमानं झालं की आपोआप, मला ठाऊक नाही. मी काही केलेलं नव्हतं, एवढं खरं.

"आलेत," मी म्हणालो.

"हं."

"खरंच. पांढरे हायत, पर आलेत."

"परत कोडोलीला न्यायचंय व्हय मला?"

दोन आरसे धरून दाखवलं. एवढी बारीक लव आरशात दिसेना, तिच्या बोटालाही लागेना.

"मग एक उपटा आणि ठेवा माझ्या हातावर."

मी चिमटा आणला. भिंग धरलं, टोक एका केसापाशी नेलं आणि तिथंच थांबलो. दिवसभर लोखंडाशी झटणारा माणूस मी. तो एक केस मला धरवेना.

"न्हाय उपटत," मी म्हणालो. "कोडोलीच्या येळी खोटं बोललो मी. चूक माझी. तू इश्वास ठेवू नगंस. पर ह्यातला एक बी मी उपटायचा न्हाय."

मागं न बघताच तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला.

"लावा की मग मलम. अजून भाकरी थापायच्यात."

दुसऱ्या संध्याकाळी पाटावर टेकता टेकता तिनं विचारलं, "आज किती हायत?"

मी भिंग पुसलं आणि एकेक करून मोजले.