अकरा मीटरची नदी

फ्रेमच्या दुकानात फोटोंपेक्षा किस्से जास्त साठतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आमच्याकडेच राहतात! मस्कतला रुवी भागात आमचं दुकान. कामाला आम्ही दोघं: मी वसईचा अंतोन आणि रत्नागिरीचे दाऊदमामू. एका जपानी गुंडाळीने तर आम्हाला आठवडाभर पुरतील एवढे किस्से दिले.

ती आणली एका रिटायर्ड ओमानी कॅप्टनने. जहाजावर असताना जपानमध्ये घेतलेली. लाकडी ठशांनी कागदावर छापलेला नदीचा प्रवास. काळं आकाश, पांढरी नदी, एक होडी. मी सवयीने डावीकडून उलगडली.

"होडी रिव्हर्समध्ये का चाललीय?" मामूंनी विचारलं.

कॅप्टन हसले. "उजवीकडून वाचायचं, हबीबी! जपानी लोक आम्हा अरबांसारखेच शहाणे!"

*

मापं घ्यायला बसलो. पाच मीटरची टेप दोनदा लावली, तरी मीटरभर नदी उरली! दुकान संपलं, म्हणून टोक दारातून शेजारच्या टेलरच्या टेबलावर गेलं.

टेलर ओरडला, "मामू, कितने शर्ट निकलेंगे?"

*

मॅनेजरने फोनवरून उपाय सांगितला. "चार तुकडे करा, चार फ्रेम. यल्ला, लवकर!"

मामूंनी माझ्या हातातला कटर काढून घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. फोनवर म्हणाले, "ब्लेड खलास, साहेब."

ड्रॉवरमध्ये ब्लेडचा अख्खा डबा होता!

*

शाळा सुटल्यावर माझी लेक रिया आली. "डॅडा, हे काय आहे?"

"स्क्रोल."

ती बघतच राहिली. "म्हणजे... स्क्रोल खरा पण असतो?"

*

मग गुंडाळी घेऊन भिंत मोजायला कॅप्टनच्या घरी, निझवा गावी गेलो. भिंत लहान निघाली. चित्र कोणासाठी, ते तिथे कळलं. त्यांची बायको पलंगावर होती. अर्धांगवायू. वर्षभर तोंडातून शब्द नाही.

मामू स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. एका हाताने वीतभर उलगडायचं, दुसऱ्या हाताने तेवढंच गुंडाळायचं. कॅप्टन बायकोला नदीकाठचं एकेक गाव दाखवत होते. निम्म्यावर आल्यावर बाईंनी चांगला हात उचलला आणि होडीवर ठेवला.

मामू थांबले.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. कपातला कहवा गार झाला. बाईंचा डोळा लागला, पण हात तिथेच. मामूंचे दंड थरथरायला लागले. मी कानाशी म्हटलं, "मामू, ठेवा ना खाली."

"गप रे अंतोन," मामू कुजबुजले. "बाई अजून होडीत आहेत."