फळ्यावरचा डोस

ती घटना आठवली की आजही माझी बायको पदराआड हसते आणि मी पेपर तोंडासमोर धरतो. उभी हयात पोलिसात काढली, खून पाहिले, दरोडे उघडकीस आणले. पण घरी पाहुणे आले की फर्माईश होते ती याच केसची. नावं मी सांगणार नाही. ज्याची ही केस, तो आजही त्याच रस्त्यावर मान वर करून धंदा करतो.

घनसावंगी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उसाचा पट्टा. इथला माणूस एक वेळ जेवण विसरेल, पण पाण्याची मोटार विसरणार नाही. तीर्थपुरीच्या रस्त्यावर एका मिस्तरीचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. हाताला मोठं यश. पण त्याला मनाचा गंभीर आजार होता. आजार बळावला की गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आपल्याला शिव्या देते असं त्याला ऐकू यायचं. मग तो भर दुपारी जाऊन तिचे फ्यूज काढून आणायचा. तिचं तोंड बंद करायला दुसरा इलाज काय, असं त्याचं म्हणणं.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला बडवतच ठाण्यात आणलं. गुन्हा दाखल झाला. कोर्टानं त्याला तपासणीसाठी जालन्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि औषधानं तो चांगला सुधारला. डॉक्टरीणबाईंचा अहवाल पाहून कोर्टानं त्याला वर्षभराच्या बंधपत्रावर घरी सोडलं. अट एकच, दर महिन्याला दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. आदेशाची शेवटची ओळ माझ्यासाठी होती. औषधाचा मासिक डोस त्याला मिळाला, याची ठाणे प्रभारींनी खात्री करावी. अट मोडली तर बंधपत्र रद्द आणि मिस्तरी आत. त्याची बायको दोन वर्षं अंकुशनगरला माहेरी बसून होती, ती या अटीच्या भरवशावर नांदायला परत आली होती.

आदेश चांगला सात ओळींचा होता. मी काय केलं? ठाण्यातल्या फळ्यावर कामांच्या यादीत खडूनं लिहिलं, ‘मिस्तरी. एक तारीख. डोस देणे.’ आणि मी मोकळा झालो.

सुरुवातीला काही अडचण आली नाही. आमची एक महिला कॉन्स्टेबल दर एक तारखेला टपाल घेऊन जालन्याला जायची, ती मिस्तरीला बरोबर न्यायची, सुई टोचून आणायची आणि डायरीत नोंद करायची. पुढे तिची बदली झाली आणि ते काम आमच्या जमादारांकडे आलं. जमादार म्हणजे जुनं खोड. गावोगावच्या भांडकुदळांना आणि दारुड्यांना समोर बसवून असे झापायचे की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हायचे. त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यानं दोन दारुडे सुधारले होते आणि तिसरा गाव सोडून गेला होता. नवीन कामातही ते चोख. दर महिन्याला डायरीत सुवाच्य अक्षरात नोंद असायची, ‘मिस्तरी हजर. डोस दिला.’ खाली माझी सही.

तीन महिने असे गेले. एका दुपारी सरपंचांचा फोन आला.

“साहेब, तुमचा मिस्तरी परत सुरू झाला! तीन डीप्यांचे फ्यूज गायब हायत. ऊस वाळून राह्यला. लोकं काठ्या घेऊन निघालेत, जल्दी या, न्हाईतर मंग मला बोलू नका.”

जीप काढली. लोकांच्या आधी पोचलो, हे त्याचं नशीब. मिस्तरीला ठाण्यात आणून बसवलं. कबुलीजबाब कसा काढायचा यात मी स्वतःला तरबेज समजायचो. आधी चहा मागवायचा, मग बराच वेळ काहीच बोलायचं नाही, समोरचा आपोआप चुळबुळतो. इथे चहा यायच्या आधीच कार्यक्रम आटोपला.

“फ्यूज तू काढलेस?”

“मीच काढले की साहेब.”

“का?”

“डीपी शिव्या देऊन राह्यली. पहिलं मलाच देत व्हती, आता बायकोलाबी देती. मंग किती ऐकून घ्यायचं?”

“औषधाचा डोस चालू आहे ना?”

“बराबर चालू हाय. एकबी खाडा न्हाई. जमादारसाहेबाला विचारा.”

मी डायरी उघडली. तिन्ही महिन्यांच्या नोंदी होत्या. माझं पोलिसी डोकं एकदम चाललं. औषध चालू आहे म्हणजे आजार ताब्यात आहे, म्हणजे हा सोंग करतोय आणि फ्यूजमधल्या तांब्याच्या मोहानं चोरी करतोय. मी कोर्टाला अहवाल लिहायला घेतला, आरोपीनं पुन्हा तोच गुन्हा केला आहे, बंधपत्र रद्द व्हावं.

तेवढ्यात त्याची बायको आली. रडली नाही, उभ्या उभ्या बोलली.

“साहेब, त्यायला आत टाकू नका. महिन्याभरापासून झोप न्हाई, जेवण न्हाई, भिंतीला कान लावून बसून राह्यलेत. हे सोंग न्हाई. मी दोन वर्षं हे बघूनच माहेरी गेल्ते. आता कुठं घर लागलंय.”

“पण ताई, औषध तर मिळतंय.”

“मिळतंय की! मी दर खेपेला विचारते, डोस झाला का? झाला म्हणतेत. पण लागू व्हईना बघा.”

मला वाटलं, औषधच पातळ पडलं असावं. अहवालाला जोडायला औषध दिल्याचा दाखला हवाच होता, म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“कुठला दाखला?” त्या कडाडल्या. “तीन महिने तो इकडे फिरकलेला नाही. मी तुम्हाला पत्र पाठवलंय, साहेब. टपाल वाचता की नाही?”

पत्र माझ्याच टेबलावर, बंदोबस्ताच्या कागदांखाली निघालं. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वतःवरची आग, पण निघाली जमादारांवर.

“जमादार! खोट्या नोंदी करता? कोर्टाच्या आदेशात?”

जमादार ताठ झाले. इतकी वर्षं नोकरी केली, असा आळ कधी आला नव्हता.

“खोट्या? साहेब, मी स्वतः दिलाय डोस. ह्या बाकड्यावर बसवून. दर खेपेला अर्धा तास. बिलकुल कडक दिला.”

“काय दिलं?”

“डोस! आईबापाचं नाव काढ, बायकोला नीट नांदव, डीपीच्या नादी लागू नको. तुम्हीच तर फळ्यावर लिवलंय, डोस देणे!”

वायरलेसवाल्यानं तोंडात रुमाल कोंबला. मी मिस्तरीकडे वळलो.

“अरे, आणि तुला कळलं नाही? आधी सुई टोचत होते ना?”

“कळलं की,” मिस्तरी शांतपणे म्हणाला. “डॉक्टरीणबाई मागं म्हन्ल्या व्हत्या, चांगलं वाटलं तर पुढं सुई बंद करून तोंडी चालू करू. मंग जमादारसाहेबानं चालू केलं तोंडी. मला वाटलं, मी बरा व्हऊन राह्यलो.”

वायरलेसवाला उठून बाहेर पळाला. मिस्तरीची बायको कपाळावर हात मारून खाली बसली आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यांत पाणी असताना. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या आळसापायी एक माणूस तीन महिने औषधावाचून राहिला होता, आणि त्याच्या नावानं अहवाल लिहायला मी पेन उघडून बसलो होतो.

अहवाल फाडला. मिस्तरीला जीपमध्ये घातलं, बायकोला घेतलं आणि जमादारांना मुद्दाम बरोबर घेतलं. दवाखान्यात सुई बाहेर निघताच जमादार पांढरेफटक पडले आणि भिंतीला टेकले. मिस्तरीनं दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. “खाली बघू नका, जमादारसाहेब. कायबी न्हाई, मुंगी चावल्यासारखं व्हतं.”

फ्यूज मिस्तरीच्या दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत सापडले. प्रत्येक जोडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर पेन्सिलीनं डीपीचं ठिकाण लिहिलेलं. पंचनाम्यात मी ते तसंच लिहिलं. तांब्याचा मोह असलेला माणूस मालकाचा पत्ता लिहून ठेवत नाही, हे माझ्या ध्यानात यायला पंचनाम्यापर्यंत वेळ लागला. त्याच दिवशी मोटारी सुरू झाल्या आणि काठ्या आपापल्या घरी गेल्या.

कोर्टाला नवीन अहवाल द्यायचा होता. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, म्हणाला, “साहेब, ‘समजुतीचा घोटाळा’ एवढंच लिहा. सगळं लिवलं तर तुमच्यावर येईल.” मी सगळं लिहिलं. फळा, जमादार, तोंडी, सगळं. माझ्या चुकीचं खापर त्या माणसाच्या डोक्यावर फोडून मला घरी जेवण गेलं नसतं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अहवाल वाचला. मग फाइल तोंडासमोर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. खाली घेतली तेव्हा चेहरा गंभीर होता. “अट आरोपीनं मोडलेली नाही, ठाण्यानं मोडली आहे,” ते म्हणाले. “बंधपत्र कायम. आणि इन्स्पेक्टर, पुढच्या वेळी खडू थोडा जास्त वापरा.” आठवडाभरात वरिष्ठांकडून मलाही डोस आला. तोंडी नव्हे, लेखी.

वर्ष पुरं झालं, बंधपत्र संपलं. आता मिस्तरीला ठाण्यात यायचं काही कारण नव्हतं. तरी पुढच्या एक तारखेला तो दारात उभा! दंडावर कापसाचा बोळा, हातात दवाखान्याचा कागद.

“अरे, आता कशाला आलास?” मी विचारलं. “सुई घेतलीस ना?”

“सुई घेऊनच आल्तो. आता तोंडी राह्यलंय.” तो बाकड्याकडे बघत म्हणाला. “साहेब, सुईनं डीपी गप बसती, ते खरं. पण माणसंबी गपच बसतेत ना माझ्यापुढं. मोटार टाकतेत अन् जातेत. जमादारसाहेब एकटेच असे, जे अर्धा अर्धा तास माझ्यासंगं बोलले.”

जमादारांनी घसा खाकरला. “बस,” म्हणाले, “आईबापाचं नाव काढलंस का न्हाई, ते सांग आधी.” आणि चहाची ऑर्डर दिली.

आरोपी खोटं बोलतो हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. खरं बोलणाऱ्याचं नीट ऐकायला मात्र मला निवृत्तीच्या तोंडावर शिकावं लागलं. मिस्तरी खरं बोलत होता, त्याची बायको खरं बोलत होती आणि जमादारही खरं बोलत होते. मीच डोस म्हणजे कसला, एवढं विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी डायरी सहीला आली. जमादारांच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती, ‘मिस्तरी हजर. सुई दवाखान्यात घेतली. डोस ठाण्यात दिला.’ मी पेन खाली ठेवलं, जमादारांना बोलावून डोस कसला ते विचारलं, दवाखान्याचा कागद डोळ्यांनी पाहिला आणि मगच सही केली.