फवारणीचा सदरा

मी परदेशी निघाले त्या दिवशी आबा राजूरच्या स्टँडवर थेट कपाशीतून आले. मी पाया पडायला वाकले तशी ते दोन पावलं मागे सरकले. "लांबूनच पड, पोरी. आंगाला फवारणीच्या दवेचा वास येऊन राह्यला." बस सुटेपर्यंत त्यांनी मला जवळ घेतलं नाही. भोकरदन येईपर्यंत मी रुसून बसले होते.

नेदरलँड्सला बॅग उघडली, तर आईने लोणच्याची बरणी आबांच्या फवारणीच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली. धुऊन धुऊन मऊ झालेला. कित्येक दिवस तो उशाशी घेऊन झोपले.

मग इथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. शेतीच्या औषधाला परवानगी हवी, तर ते फवारणाऱ्याच्या अंगावर किती उतरतं हे कंपनीला दाखवावं लागतं. त्याला ओव्हरऑलच्या आत पांढरे सुती कपडे घालतात. ते कातडीच्या जागी धरायचे. फवारणी झाली की मी त्यांच्या बाह्या, छाती, पाठ वेगवेगळी कापते आणि औषध मोजते. पास झालेल्या औषधालाही काही वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसवतात. त्यात एक नापास झालं, हातमोजे घालूनही अंगावर उतरणारं मर्यादेबाहेर. नाव वाचलं. आबा हेच मारतात. आपल्याकडे चाचण्या होत नाहीत असं नाही, पण एकदा नोंदलेलं औषध अशा फेरपरीक्षेला सहसा बसत नाही. राजूरच्या दुकानात ते आजही मिळतं.

तेव्हापासून फवारणीच्या दिवशी माझा जीव टांगणीला. मी पाठवलेले हातमोजे आईने कपाटात जपून ठेवलेत, चांगली वस्तू खराब कशाला करायची म्हणून. आबा फोनवर हसतात. "तिकडची माणसं नाजूक असतील. मी इतकी वर्षं मारून राह्यलो, काय झालं न्हाई." एवढं बोलताना ते तीनदा खोकले. मोजायची सवयच लागलीय मला.

शेवटी न राहवून तो सदरा वरिष्ठ बाईंना दाखवला. त्यांनी उलटसुलट पाहिला.

"हा वरचा कपडा की आतला?"

"एकच असतो."

"मग याच्या आत काय होतं?"

"माझे वडील."

त्यांनी एक पिशवी पुढे केली. सदरा आता पिशवीत बंद आहे. हुंगायची भीती वाटते आणि टाकवतही नाही. इतक्या लांबून माझं घर म्हणजे एवढंच उरलंय.

आबा, हे लिहिलेलं आई तुम्हाला वाचून दाखवेल. पुढच्या महिन्यात येतेय. तोवर ती दवा सोडा. आणि स्टँडवर आंघोळ करून या. मला जवळ घ्यायचं राहिलंय.