दुपारी बाराचं पाणी

“साहेब, मासा मरी ग्यात, आनि तुम्हनी बाटली म्हनस पानी बेस शे?”

सुभद्राबाई तळ्याच्या काठावर उभी राहून मला झापत होती. तापीकाठच्या त्या गावात ती तळं ठेक्यानं घेऊन मासे पाळायची. मी पाणी तपासणाऱ्या लॅबचा केमिस्ट. महिन्याभरात दोनदा मासे मेले आणि दोन्ही वेळा माझा रिपोर्ट एकच: ऑक्सिजन भरपूर.

त्याच कागदावर बोट ठेवून सरपंच म्हणाले, “पानी चांगलं शे, म्हनजे हिन्हा मासासना बियाणमाच रोग शे.” शुक्रवारच्या ग्रामसभेत तिचा ठेका काढून घ्यायचं घाटत होतं. तिचं घर त्या तळ्यावरच चालायचं.

मी शहाणपणा केला. “बाई, टेस्ट खोटं बोलत नाही.”

“कव्हय करी टेस्ट?”

“बारा वाजता.”

“दुपारले तं आजारी मानूसबी बाजार करी येस. पहाटले या ना!”

मी वळून पाण्याकडे नीट पाहिलं. तळं हिरवंगार होतं. गावाचं गटार आणि केळीतून वाहून आलेला युरिया, दोन्ही त्यातच. एवढा खुराक मिळाल्यावर शेवाळ माजणारच. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि अंधारात स्वतःच ओढून घेतं. हे पाठ करूनच मी डिग्री मिळवली होती. पण लॅबची गाडी आमच्या साहेबांचा दुसरा चहा झाल्याशिवाय हलायची नाही.

साहेबांना फोन लावला.

“ऑफिस टाइमच्या आधी सॅम्पल? असं कुठे असतं का?”

“सर, मासे पहाटे मरतात.”

“मग रजा टाकून जा.”

टाकली. गुरुवारी उजाडायच्या आत तळ्यावर पोचलो. सरपंचही मफलर गुंडाळून, चेहरा पाडून आले. मासे वर येऊन तोंडं वासत होते. बाटलीत पाणी भरून दोन औषधं टाकली. ऑक्सिजन असला तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. पांढराफटक बसला. बारा वाजता त्याच जागी दुसरी बाटली भरली. तपकिरी.

“एकच तळं शे ना हाई?” सरपंचांनी विचारलं.

ग्रामसभेत दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. माझे आधीचे रिपोर्ट भलत्या वेळचे होते, हेही सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. ठेका सुभद्राबाईकडेच राहिला आणि गटार शोषखड्ड्यांकडे वळलं.

पुढे मी भांडून फॉर्ममध्ये ‘सॅम्पलची वेळ’ असा रकाना घालून घेतला. आमची माणसं तो इमानदारीनं भरतात: दुपारी बारा.