बंधारा फोडू नका

"आमची पोरगी हिंजवडीत बसून समुद्र राखतीय," असं तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यात थट्टा असायची, थोडा अभिमानही असायचा. खोटं मात्र काही नव्हतं. विषारी रसायनं नेणाऱ्या जहाजांचे कागद तपासणं हेच माझं काम. विमा चालू आहे ना, आणि माल पाण्यात सांडलाच तर धावून येणाऱ्या पथकाशी करार केलाय ना, हे बघायचं. यातला एक जरी कागद नसला तर बंदर त्या जहाजाला दारात उभं करत नाही.

त्या रविवारी मी माले गावात, आमच्या वाडीवर होते. सकाळी वरच्या वळणावर टँकर उलटला आणि त्यातलं रसायन उतारावरून ओढ्यात यायला लागलं. ओढ्यावर तात्यांचा बंधारा होता. पावसाळा सरला की मातीने भरलेली पोती रचून ते दरवर्षी पाणी अडवायचे. ते मुरून शेजारच्या विहिरीला यायचं आणि त्या एका विहिरीवर अख्खी वाडी उन्हाळा काढायची.

तात्या पहार घेऊन धावले. "फोडतो. जाऊ दे वाहून खाली. हितं साचलं तर हीर गेली."

मी त्यांना आडवी गेले. टँकरमागच्या नारिंगी पाटीवर आतल्या रसायनाचा आकडा होता; ते विष माझ्या रोजच्या बघण्यातलं होतं. खाली दोन वाड्या ह्याच ओढ्याचं पाणी पितात.

"तात्या, फोडू नका. सांडलेलं जिथल्या तिथं अडवायचं असतं. आता माणसं येतील, पंप लावून सगळं उपसून नेतील."

"कुटली मानसं?"

"असतात. त्याशिवाय असला माल बाहेर काढूच देत नाहीत."

किती ठामपणे बोलले मी! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तात्यांनी पहार खाली ठेवली. "तू शिकल्याली हायेस. तुला म्हाईत."

टँकरवर लिहिलेल्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, गाडीचा विमा चालू आहे का ते आधी बघावं लागेल. संकटात सापडलेल्या कप्तानांना मी हेच लिहिते, आणि इतक्याच थंडपणे. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, हातापाया पडले, शेवटी रडले. त्याने फोन ठेवून दिला.

पोलीस आले, क्रेन आली, टँकर उचलला, गाड्या सुरू झाल्या. ओढ्याकडे कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मी दिसेल त्या साहेबाला गाठत होते. ते रस्त्याकडे बोट दाखवून म्हणत, आता मोकळा झाला ना?

दुपारी वाडीतल्या माणसांनी बादल्या आणल्या. वासानेच दोघांना उलट्या झाल्या, तेव्हा मीच सगळ्यांना मागे ओढलं. मग आम्ही नुसते काठावर बसून राहिलो. तात्या दर थोड्या वेळाने वळणाकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत कुणीही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याला तोच वास यायला लागला. पंधरवड्याने सरकारी खात्यातला एकजण तपासायला म्हणून बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. वरातीमागून घोडं. टँकरचा विमा आधीच संपला होता, असं पुढे कळलं. रस्त्यावर त्याला कुणी अडवलं नव्हतं.

खालच्या वाड्या वाचल्या. सगळे मला हेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण आमच्या वाडीतल्या बाया अजून लांबून पाणी आणतात, आणि मी समोरून आले की बोलता बोलता गप्प होतात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा पाऊस सरल्यावर गावी गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची चवड तशीच पडली होती.

"तात्या, बंधारा नाही घातला?"

ते गोठा झाडत होते. झाडू थांबवला नाही, आवाजही चढवला नाही.

"घालू की," ते म्हणाले. "तुझी मानसं येऊन जाऊ देत आदी."