गेंड्याच्या मापाचं कुंपण

गेंड्यांचं शास्त्र शिकलेला माणूस आमच्या गायी सुधारायला आला, आणि आम्ही त्याला ओवाळून घरात घेतलं. शहाणपणाला आमच्या गावात कधी तोटा नव्हता, पण जीप दारात उभी राहिली की ते दिसत नसे.

मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. राजूरच्या वर, डोंगरात आमचं गाव. मी मूळची राहात्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. शाळामास्तराशी लग्न होऊन वर आले होते. साहेब आमच्याच पडवीत उतरले, कारण गावात कपबशी असलेलं घर आमचंच. परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयात राहून त्यांनी एकच अभ्यास केला होता : पिंजऱ्यातल्या गेंड्याच्या जोडीला पिल्लू कसं होतं? परत आल्यावर सरकारकडे त्यांना द्यायला गेंडा नव्हता. आमच्या डोंगरातल्या डांगी जातीच्या गायी होत्या, त्या दिल्या.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी गेंड्याच्या पिल्लाचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. शेजारच्या म्हाताऱ्याने तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "सायेब, ह्ये दूध किती देतं?"

साहेब हसले नाहीत. त्यांना हसायचं शास्त्र शिकवलेलं नसावं.

त्यांचा सिद्धांत असा, की नर आणि मादी सतत एकत्र राहिले की एकमेकांना विटतात. त्यांना महिनोन्‌महिने वेगळं ठेवावं, नराला ताकदीचा चारा द्यावा, आणि मग योग्य हंगामात समोरासमोर आणावं. गेंड्यांचं असेल तसं. आमच्या गायी वर्षानुवर्षं वळूबरोबर रानात चरत होत्या आणि गाभण राहत होत्या. त्यांना वीट आल्याची तक्रार कुणीच केली नव्हती. पण सरपंचांना साहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. गावाने मान डोलावली.

त्या मान डोलावण्यात माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, नव्हत्या. त्यांची एक गाय होती, पांढरी, अंगावर काळे ठिपके, पावसात भिजली तरी पाणी अंगावरून निथळून जाई. ती त्यांच्या आईच्या आंदणातल्या गाईच्या वंशातली. आईने ती जात लेकीला दिली, आता आत्याबाईंनी त्यांच्या लेकीला द्यायची. लेक त्यांना झालीच नाही, आणि गाईलाही ओळीने गोऱ्हेच झाले. ते बैल होऊन नांगराला गेले. आता गाय थकली होती, मागच्या पायाने लंगडत होती. फार तर एक वेत आणखी. त्या वेताला कालवड झाली तर जात राहणार, नाहीतर आत्याबाईंच्या गोठ्यातच ती संपणार. त्या रोज संध्याकाळी गाईच्या पाठीवर हात फिरवत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "येक कालवड दे बाई. मग मर."

इकडे साहेबांनी वळू कोंडला. देवाच्या नावाने सोडलेला, सगळ्या गावाचा वळू. त्यासाठी परदेशातल्या नकाशाबरहुकूम कुंपण घातलं : जाडजूड सागाचे खांब, मध्ये मोकळी जागा. जागा का ठेवायची, तर माणसाला आतबाहेर करता यावं आणि जनावराला येऊ नये. नकाशावरचं अंतर साहेबांनी स्वतः टेप धरून मोजलं. गावाने खड्डे खणले. कुंपणाला लागून मचाण बांधलं, त्यावर साहेब दुर्बीण लावून बसत. वळू दहा पावलांवर रवंथ करत असे, तरी दुर्बीणच. इतकं निरखून मी माझ्या नवऱ्यालाही कधी पाहिलं नाही.

भाद्रपदात गाय माजावर आली. सकाळी हंबरायला लागली, तशा आत्याबाई तिला गोठ्यातच बांधून एकट्या कुंपणाशी गेल्या.

"सायेब, आजचा दिस हाय. उद्या उतरंल. वाईच सोडा त्याला."

"आजी, पौषापर्यंत थांबा. मध्येच सोडलं तर सगळा प्रयोग वाया जाईल."

"माज काय पौष बघून येतो व्हय? म्हातारी हाय ती. मला पुना मिळायची न्हाई."

"शास्त्राला घाई चालत नाही," साहेब म्हणाले आणि मचाणावर चढले.

शेजारच्या गावात वळू होता, पण मध्ये घाट. लंगडत्या गाईला तो उतरवणं शक्य नव्हतं. दिवस गेला, माज उतरला. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. मी साहेबांच्या ताटात भाकरी वाढली ती आपटूनच. त्यांना कळलं नाही. गेंड्याची कातडी अंगावर यायला फार काळ त्यांच्यात राहावं लागत नसावं.

मग आश्विनात वाघबारस आली. आमच्याकडे त्या दिवशी गावातलं प्रत्येक जनावर शिवेवरच्या वाघोबापुढून न्यायचं. जे दाखवलं नाही ते वाघाचं, अशी समजूत. वळू तर कळपाच्या पुढे हवा. चार म्हातारे साहेबांकडे गेले. साहेबांनी विचार केला आणि वळूचा फोटो काढून दिला.

"हा देवाला दाखवा. प्राणी तोच आहे."

म्हाताऱ्यांनी तो फोटो खरंच नेला. आमच्या लोकांची मला कधीकधी साहेबांइतकीच चीड येते.

शिवेकडची वाट कुंपणावरूनच जात होती. कळप निघाला, शेवटी आत्याबाई आणि लंगडणारी गाय. ती सकाळपासून पुन्हा माजावर होती. आत्याबाईंनी या वेळी कुणाला काही विचारलं नाही. कुंपणाजवळ गाय थांबली आणि हंबरली.

आतला वळू उठला. खांबांपाशी आला. मान वाकडी केली, एक शिंग बाहेर काढलं, मग दुसरं, मग खांदा घासत सगळा वळू निवांतपणे बाहेर आला. मोडलं काही नाही, तुटलं काही नाही. ते अंतर गेंड्याला अडवणारं होतं. आमच्या वळूला ते पहिल्या दिवसापासून दरवाजासारखं होतं. आयता हिरवा चारा मिळत होता म्हणून तो आत बसला होता, इतकंच.

साहेब मचाणावरून "धरा, धरा" ओरडत होते. धरायला कोणी गेलं नाही. आत्याबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

पुढच्या आषाढात, धो धो पावसात, गाय व्याली. मी कंदील धरला होता. आत्याबाईंनी वासराची शेपटी उचलून पाहिलं आणि त्याला स्वतःच्या पदराने पुसायला लागल्या. कालवड होती.

साहेबांचा पौष येऊन गेला होता, त्यात काहीच घडलं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात राजूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात आमची कालवड झूल घालून मांडवात उभी, आणि शेजारी साहेब, गळ्यात हार. गेंड्यांवर सिद्ध झालेली पद्धत डांगी गाईवरही यशस्वी झाल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. म्हाताऱ्या गाईचं उदाहरण तर फारच बोलकं आहे, म्हणाले. गावचे लोक खाली बसून टाळ्या वाजवत होते. त्यातले निम्मे वाघबारशीला तिथे हजर होते.

मग मालकिणीने दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. आत्याबाईंनी कर्णा कधी जवळून पाहिला नव्हता. त्या उभ्या राहिल्या, हात जोडले.

"सायबांचे लई उपकार हायेत. त्यांनी कुंपान गेंड्याच्या मापाचं केलं, म्हनून माजी कालवड झाली. आमच्या वळूच्या मापाचं केलं असतं, तर जात बुडाली असती."

मांडव हसून हसून आडवा झाला. साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या आणि नारळ घेतला. पुढे त्यांना बढती मिळाली, असं ऐकलं. मिळणारच.

परतताना घाटाच्या पायथ्याशी आत्याबाई थांबल्या. मला वाटलं, दमल्या. माझ्या माहेरहून आंदणात शिवणाचं मशीन आलं होतं, त्यावरून त्या मला कायम टोमणे मारत : मशीन काय वासरू देतं? आज त्यांनी कालवडीचा कासरा माझ्या हातात दिला आणि माझी मूठ त्यावर घट्ट दाबली.

"धर. लेक न्हाई झाली मला, म्हनून काय झालं? ही तुजी आता."

मी रडले, भर रस्त्यात. त्या पुढे निघाल्या होत्या, आणि कालवड मला ओढत त्यांच्या मागे.